अनोळखींच्या यादीत

१० नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणाले. डॉक्टरमॅडमनी विचारलं, "ओळखीचे आहेत का तुमच्या?" — आणि मी म्हणाले, "नाही."

एवढंच झालं. लिहायला एक ओळ पुरते. पण सविस्तर लिहिणार आहे, कारण उद्यापर्यंत मी यातलं थोडं बदललेलं असेन. माझी मला खात्री आहे.

सकाळचे साडेअकरा. दवाखाना भरलेला. राजारामपुरी सोमवारी सगळी एकदम आजारी पडते. मी काउंटरवर केसपेपर करत होते, शेजारी स्वप्नाली फोनवर. दार ढकलून एक माणूस आत आला आणि चौकटीलाच टेकला. मळका शर्ट. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी. बारा वर्षांनी पाहिला, तरी ओळखायला अर्धा क्षण लागला नाही. आण्णा. शांतवन. माझा सख्खा भाऊ. एकुलता एक.

तो काउंटरकडं यायला लागला तशा बाकावरच्या बायकांनी पाय आत घेतले. माझ्यासमोर उभा राहून काहीतरी बोलला. जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं. तेवढ्यात मॅडम केबिनच्या दारात आल्या आणि त्यांनी विचारलं. आणि मी सांगितलं.

आण्णानं ते ऐकलं. माझ्याकडं पाहिलं. मग मॅडमकडं वळून, एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा काढत म्हणाला — "न्हाय... बाई. चुकलं माझं. आमच्या भैनीवानी... वाटल्या."

आणि गेला.

स्वप्नाली म्हणाली, "बघा की मॅडम, सोमवारी सकाळ-सकाळीच टाकून आलंय! कुठंबी शिरत्यात!"

मी हसले. हे लिहिलंच पाहिजे. मला हसायला कुणी सांगितलं नव्हतं.

दारूचा वास आला होता का? आठवत नाही. मी श्वास रोखून धरला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही झालं नाही. उठले, डबे केले, कामावर गेले, परत आले. आकाश कोसळलं नाही. त्याचाच राग येतो आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना शिवानीच्या घरी. शिवानी आमच्या मंडळीतली सगळ्यात नवी सून. देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा उभी राहिली, लाजली, आणि म्हणाली — "मला काही बोलता येत नाही. पण पूर्णिमाताईंचा चेहरा बघितला की मला प्रभू दिसतो." सगळ्या बायका 'आमेन' म्हणाल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

तिथं उठून बोलायला हवं होतं. पोहे खाल्ले. चहा घेतला. "कोथिंबीर छान आहे गं," म्हणाले.

रविवारच्या शाळेत, प्रभूला पकडून नेलं त्या रात्रीच्या, शेकोटीजवळच्या त्या शिष्याचा धडा मी अकरा वर्षं शिकवते आहे. दासीनं त्याला ओळखलं, बोलण्यावरून पकडलं, आणि तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मी मुलांना विचारते, त्यानं का नाकारलं? मुलं म्हणतात, "भीतीनं, टीचर!" बरोबर. त्याला जिवाची भीती होती. मला कुणाची होती? बाकावर पाय आत घेऊन बसलेल्या आठ-दहा पेशंटची!

त्याच्या रांगेत स्वतःला बसवून मी माझं पाप मोठ्या घराण्यातलं करते आहे. खोडावं हे. — नको. राहू दे.

आण्णा घाबरला नाही. लाजलाही नाही. मी पाहिलं ते काय होतं त्याच्या तोंडावर? त्यानं मला सोडवलं. भर दवाखान्यात, अडखळत, "माझीच चूक" म्हणून मला सोडवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

देवा.

दुपारी अडीचला पेशंट कमी होते. समोर पाहिलं. काउंटरच्या समोरच्या भिंतीवर पोस्टर आहे — लकव्याची लक्षणं ओळखा. तोंड एका बाजूला ओघळणं. एका बाजूचा हात, पाय लुळा पडणं. बोलणं जड होणं. एक मिनिटही वाया घालवू नका. सहा वर्षांपूर्वी मीच ते चिकटवलं. वाकडं लागलं होतं म्हणून काढून परत लावलं. सहा वर्षं रोज आठ तास ते माझ्यासमोर आहे.

त्याच्या ओठांची उजवी कड खाली आली होती. उजवा हात त्यानं काउंटरवर ठेवलाच नाही. तो लोंबत होता. चप्पल उजव्याच पायातली गेली होती, कारण तो पाय फरफटत होता. हे सगळं मी पाहिलं होतं! सगळं! आणि बेरीज केली — दारू.

दुपारच्या डॉक्टरांना विचारलं, सहज विचारल्यासारखं. लकव्याच्या पेशंटला किती वेळ असतो, सर?

"साडेचार तास धरा. नंतर मग जे उरेल ते उरेल."

घड्याळ पाहिलं. पंचाहत्तर तास झाले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकली. लक्ष्मीपुरीत, जिथं तो राहत होता असं मला माहीत होतं, तिथं गेले. 'माहीत होतं'! घरमालक हंबीरराव दारातच वर्तमानपत्र वाचत बसलेले. चष्म्यावरून पाहिलं.

"शांतवन? दोन वर्सं झाली की त्येला खोली सोडून. जोतिबाला ऱ्हातोय आता. कोण डोंगरावरचा बाळासो म्हणून हाय, त्येच्या दुकानात."

दोन वर्षं. मी प्रार्थनेत रोज त्याचं नाव घेत होते. रोज! "लक्ष्मीपुरीतल्या माझ्या भावाला सांभाळ." देवा, तू तरी सांगायचं होतंस, की पत्ता चुकला आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एसटीनं जोतिबाला. देवळाच्या वाटेवर दुकानांची रांग, नारळ, दवणा, गुलालाची पोती. सगळ्या पायऱ्या गुलाबी. बाळासोंचं दुकान विचारत गेले. पन्नाशीचा, जाडजूड, आवाज देवळाच्या शिखरावर पोहोचेल असा.

"आण्णा? आमचा आण्णा व्हय! या, बसा पावणं. त्येलाच हुडकायलोय आमीबी! सोमवारपास्नं पत्ता न्हाय."

मी बसले. त्यांनी न विचारता चहा सांगितला.

"सोमवारी सकाळी त्येच्या हातातनं नारळ पडला. उचलला, परत पडला. मी चेष्टेनं म्हटलं, काय आण्णा, जुनं दिस आठवलं काय! — चेष्टा हो. न्हायतर दोन वर्सांत थेंबाला शिवला न्हाय त्यो. हितं देवाच्या दारात किती पितेत बगा, पर आण्णा न्हाय. त्येचा देव येगळा हाय, आमास्नी ठावं हाय. रविवारी सकाळी तासभर दुकानामागं डोळं मिटून बसतोय. पर आमच्या देवाचं नारळ फोडावं त्येनंच! एका दणक्यात दोन!"

मी विचारलं, मग सोमवारी कुठे गेला?

"हात मुंग्या आल्यागत झालाय म्हनला. मी म्हटलं डाक्टरला दाव. तर म्हनला, माझी भैन हाय की राजारामपुरीत, तिच्या दवाखान्यात जातो. लई मोठी हाय ती, डाक्टरीणच म्हणा! लई सांगतोय तिचं. कॉलेजात पयली आलती, चर्चमदी पोरं शिकवती... तुमी कोण त्येच्या?"

बहीण म्हणायला तोंड उघडलं. "ओळखीची," म्हणाले.

"मग त्येच्या भैनीला जाऊन गाठा की! तिच्याकडंच असंल त्यो. ती काय सोडती व्हय भावाला असल्या टायमाला?"

चहा संपवला. कप विसळून ठेवला. "नगा वो पावणं, ऱ्हाऊ द्या," म्हणत होते ते.

परतीच्या गाडीत एकच गोष्ट डोक्यात. शिवानीला माझ्यात प्रभू दिसला. मला आण्णात दारू दिसली. दोघींची खात्री सारखीच.

मला कॉलेजात पहिला नंबर कधीच नव्हता. तिसरा होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना दारातच सांगितलं. सगळं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "प्रभू क्षमा करतो, पूर्णिमाताई. शांतीनं जा."

इतक्या लवकर! मागं रांग होती, सगळ्यांना हस्तांदोलन करायचं होतं त्यांना, समजू शकते. पण ज्याचा अपराध केला तो सापडत नाही. प्रभूनं मधल्या मध्ये क्षमा करून टाकली तर आण्णासाठी काय उरलं? मला नको आहे ती क्षमा. घेतली तर मी परत शांत झोपायला लागेन.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे कागलच्या फौंड्रीत सुपरवायझर, शब्दांचा माणूस नाही. जेवता जेवता थांबले. म्हणाले, "बाबांच्या मातीच्या दिवशी तूच म्हणालीस ना, तुझं माझं नातं संपलं म्हणून? कबरीच्या कडेला पिऊन उभा होता तो. सगळ्यांनी ऐकलं होतं."

"हो."

"मग बारा वर्षं जे म्हणत होतीस तेच परवा म्हणालीस." हे टोचायला म्हणाले नाहीत. खरं तेच म्हणाले. मग हात धुतला आणि म्हणाले, "ऊठ. पोलिसांत देऊ."

चौकीत फोटो मागितला. माझ्याकडं आहे तो माझ्या लग्नातला, एकवीस वर्षांपूर्वीचा. "ओळखीची खूण?" तीळ? व्रण? काही आठवेना. लहानपणी एका थाळीत जेवलो आम्ही. माझ्या नवऱ्याच्या गाडीचा नंबर मला पाठ आहे, दवाखान्यातल्या दीडशे पेशंटांचे रक्तगट पाठ आहेत. भावाच्या अंगावरची एक खूण सांगता आली नाही. हवालदार म्हणाले, "असू द्या मॅडम. सरकारी दवाखान्यात अनोळखी पेशंट असतात, उद्या बघून घ्या." थोडं थांबून — "आणि दुसरीकडंबी बघा."

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुसरीकडं, म्हणजे शवागारात, आधी पाहिलं. दोघे होते. नाही. नाही. प्रत्येक 'नाही'ला देवाचे आभार मानले आणि लगेच लाज वाटली. तेही कुणाचे तरी होते. माझ्या 'नाही'नं ते आणखी कुणाचेच नसलेले झाले.

मग वॉर्ड. अनोळखींच्या यादीत तीन पुरुष. पहिला फार तरुण. दुसरा नाही. तिसरा म्हातारा, दाढी वाढलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मी वाकून पाहिलं तर त्यानं माझा पदर धरला. "आलीस?" म्हणाला. "कवाची वाट बघायलोय. आलीस?"

"आले," म्हणाले.

त्यानं पदर सोडला आणि डोळे मिटले. ते खोटं होतं का? इतकी वर्षं मी तोंडातला प्रत्येक शब्द तोलत आले. चाळीस रुपयांची भाजी पस्तिसाला आणली असं ह्यांना सांगितलं तरी रात्रभर टोचतं मला. आणि आज त्या म्हाताऱ्याशी धडधडीत खोटं बोलले आणि आठवड्यात पहिल्यांदा खरं बोलल्यासारखं वाटलं.

बाकीच्या खाटांकडं पाहिलं नाही. त्यांना नावं होती, माणसं होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्याबाहेरच्या रिक्षा स्टॉपवर विचारायचं मला आठ दिवस सुचलं नाही! पिराजी म्हणून एक रिक्षावाले, रोज मला नमस्कार करतात.

"एका पायात चप्पल? व्हय की! त्या खांबाला धरून मटकन खाली बसलं. त्येला धम्मपालनं न्हेलं रिक्षात घालून."

कुठे?

"सरकारी दवाखान्यात. भाऊ हाय त्येचा."

"कुणाचा भाऊ?"

"धम्मपालचा वो! ट्रॅफिकवाला इचाराय लागला तर म्हनला, माझा भाऊ हाय, बाजूला व्हा."

मग तो आण्णा नव्हे. आण्णाला भाऊ नाही. आम्ही दोघंच. आभार मानून पुढं निघाले. स्टँड, रेल्वे स्टेशन, रंकाळ्याच्या काठानं सगळ्या चहाच्या गाड्या. फोटो दाखवत. लोक लग्नातल्या माझ्याकडं बोट करून म्हणतात, "ह्या तुमीच काय?" त्याला कुणी ओळखत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देवा, तू तरी त्याला बघतो आहेस ना? तेवढं सांग. कुठे ते नको सांगूस.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडला.

पहाटे कुकरची शिट्टी झाली आणि डोक्यात लख्ख झालं. त्या रस्त्यावर, त्या सकाळी, एका पायात चप्पल घातलेली दोन माणसं कशी असतील? भावाला भाऊ नाही म्हणून मी त्याला टाकून पुढं गेले. दुसऱ्यांदा.

पिराजींनी धम्मपालला फोन लावून दिला. तो दहा मिनिटांत आला. पस्तिशीचा, सडपातळ, रिक्षाच्या काचेवर 'जय भीम'. मी विचारलं, तुम्ही भाऊ का सांगितलं?

"मग काय सांगू? अनोळखी म्हटलं की शंभर प्रश्न. कुटं घावला, कोण तुमी, थांबा, जबाब द्या. भाऊ म्हटलं की सरळ आत." जरासा हसला. "नावबी त्येला सांगता येईना. मी आण्णा कांबळे लिवून टाकलं. आपण कुणालाबी आण्णाच म्हणतो की!"

म्हणून. मी अनोळखींच्या यादीत शोधत होते. माझा भाऊ अनोळखी असणार हे मी गृहीत धरलं होतं. तो त्याच वॉर्डात, भिंतीकडं तोंड करून, दुसऱ्याच्या आडनावानं निजला होता, आणि मी सोमवारी त्याच्या पायथ्याशी वळसा घालून गेले.

"तुमी कोण त्येच्या?" धम्मपालनं विचारलं.

"बहीण."

तो हँडलवर नख घासत राहिला. मग म्हणाला, "त्या दवाखान्यातनंच भाईर आलता त्यो. मी म्हटलं, आत घेतलं न्हाय व्हय आण्णा? तर दाराकडं हात केला आणि रडाय लागला."

"मी तिथंच काउंटरवर असते," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रिक्षा चालू केली. "बसा."

वॉर्डात धम्मपालची आई, अंबूबाई, वाटीतून पेज भरवत होती. सत्तरीची. माझी ओळख धम्मपालनं कानात सांगितली. तिनं चमचा थांबवला नाही.

"धा दिस झालं की बाई."

"हो."

"बसा. स्टूल त्या पल्याडच्या खाटंजवळ हाय, घिऊन या."

उजवी बाजू गेली आहे. वाचा गेली आहे. डोळे तेच आहेत. आता दिसलं — डाव्या भुवईत एक पांढरा केस. लहानपणापासूनचा. पोलिसांना सांगता आलं असतं.

सिस्टर कागद घेऊन आल्या. "नातं?" बहीण. "बहीण? पण भाऊ तर म्हणाले, आई सोडून आमचं कुणी नाही." धम्मपाल खिडकीकडं पाहायला लागला. सिस्टर आण्णावर वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आण्णा! ह्यांना ओळखता का? कोण आहेत ह्या?"

आण्णानं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग मान हलवली.

"न्हाय."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धम्मपाल म्हणतो, "मनावर घिऊ नगा ताई. त्येला तेवढा एकच शब्द येतोय आता. डॉक्टर म्हनलं, नाव काय? न्हाय. दुखतंय काय? न्हाय. आई म्हनली, पेज पायजे? न्हाय — आणि वाटी चाटूनपुसून मोकळी!" अंबूबाई हसल्या. आण्णाच्या तोंडाची चांगली बाजूही हसल्यासारखी हलली.

मी हसू शकले नाही.

एक तर त्याच्या मेंदूतून मी पुसली गेले. किंवा त्यानं मला ओळखलं आणि हिशेब चुकता केला. किंवा परत मला सोडवलं, सिस्टरांसमोर, धम्मपालसमोर, त्या दिवसासारखं. तिन्हींपैकी कुठलं खरं हे कळायला त्याला बोलता यायला हवं, आणि ते साडेचार तास माझ्याकडं होते.

दुपारी मी पेज भरवायला घेतली. त्यानं ओठ घट्ट मिटले. अंबूबाईंनी तोच चमचा हातात घेतला, तर तोंड उघडलं.

बायबलात प्रभूचं वाक्य आहे — शेवटच्या दिवशी दाराबाहेर उभे राहून 'प्रभू, प्रभू' म्हणणाऱ्यांना तो म्हणेल, मी तुम्हांला कधीच ओळखलं नाही. हे वाक्य मी नेहमी दुसऱ्यांसाठी वाचत आले. ऐकायला कसं लागतं ते काल कळलं. ओरडून सांगितलेलं नसतं ते. बराच वेळ पाहून, शांतपणे.

अंबूबाईंना विचारलं, तुम्ही याचं का करता? तुमचा कोण हा? त्यांना प्रश्नच समजला नाही. "ल्योकानं आणलाय की!" म्हणाल्या. जसं काही भाजी आणली, आता करायलाच हवी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यात गेले. सगळ्यांसमोर सांगितलं. तो माणूस, सोमवारचा, मागच्या आठवड्यातला — तो माझा सख्खा भाऊ. पिऊन आला नव्हता. लकवा होता. मी ओळखत होते आणि नाही म्हणाले.

स्वप्नाली रडायला लागली. "ताई, मी टाकून आलंय म्हटलं वो! मला काय ठावं..." मी म्हटलं, तू म्हणालीस, मी हसले. जास्त वाईट कोण ते तूच ठरव. असं म्हणायला नको होतं. त्या पोरीला आणखी रडवलं. माझ्या कबुलीतही मला कुणालातरी सोबत घ्यायचं होतं.

मॅडम पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, "ओळखीचा नसता तरी पाहिलं असतं मी. दवाखाना आहे ना आपला."

खरं आहे. मलाही तसंच वाटतं. पण त्या दिवशी कुणी उठलं नाही. मॅडमनी ओळख विचारली, बायकांनी पाय आत घेतले, मी श्वास धरला. आणि दाराबाहेर एक माणूस होता ज्यानं काहीच विचारलं नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं होईल. नाही झालं. आण्णा तसाच आहे. चार वाजता परत वॉर्डात. चमचा पुढं केला. ओठ मिटले.

प्रार्थना येत नाही. 'आमच्या बापा' इतकंच येतं, आणि 'आमच्या'पाशी अडकते. आमच्या म्हणजे कुणाच्या? त्यात मला धरायचं की नाही हे आता आण्णाच्या हातात आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. वॉर्डात. अंबूबाईंनी स्वतःसाठी भाकरी आणली होती. आण्णानं डाव्या हातानं ती ओढून घेतली, मांडीवर दाबून मोडली. एक तुकडा अंबूबाईंना. एक पलीकडच्या खाटेवरच्या, पदर धरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, धम्मपालच्या हातून. एक माझ्यापुढं धरला.

मला ओळखलं, की समोर कुणीतरी उपाशी बसलं आहे एवढंच ओळखलं — कळलं नाही.

विचारलं नाही. घेतला. खाल्ला.